बारावी इतिहास (महाराष्ट्र बोर्ड): वाचताना सगळं येतं, पेपरात लिहायला सुचत नाही. अभ्यास नेमका कसा करू?

ऑरेंजसिटी_कन्या
८ नोव्हेंबर, रात्री ९:३५

नमस्कार. मी नागपूरला बारावी कला शाखेत आहे, मराठी माध्यम. इतिहास माझा सगळ्यात आवडता विषय आहे आणि पुढे बी.ए.लाही तोच घ्यायचा आहे, म्हणून सहामाहीचा निकाल फार लागला मनाला. निम्म्याच्या आसपास गुण आले.

अभ्यास केला नाही असं अजिबात नाही. बालभारतीचं पुस्तक मी मनापासून वाचते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारते. आई पुस्तक हातात घेऊन विचारते तेव्हा धडाधड सांगताही येतं. पण पेपरात ‘विधाने सकारण स्पष्ट करा’ आलं आणि धडा डोळ्यांसमोर असूनही सुरुवात कुठून करायची ते कळेना. टिपांमध्ये पानभर लिहिलं, त्यालाही अर्धेच गुण. मॅडमनी उत्तराशेजारी लिहिलंय, ‘माहिती आहे, उत्तर नाही.’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

सनावळ्यांचं तर विचारूच नका. शीतयुद्धाच्या धड्यातले नाटो, सीटो, वॉर्सा करार, बांडुंग, बेलग्रेड सगळे एकमेकांत मिसळतात.

जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे, त्यानंतर फेब्रुवारीत बोर्ड. क्लास लावणं शक्य नाही. संध्याकाळी बर्डीजवळच्या अभ्यासिकेत बसते. मैत्रिणी म्हणतात गाईड पाठ कर. ज्यांनी हा विषय शिकवलाय किंवा यात चांगले गुण मिळवलेत त्यांनी कृपया सांगा.

महालकर
८ नोव्हेंबर, रात्री १०:१०

ताई, एवढं टेन्शन काऊन घेऊन राहिली? मीही कला शाखेतूनच बारावी काढली. गाईडातली उत्तरं तोंडपाठ केली, मागच्या वर्षांचे पेपर पाहिले, तेच प्रश्न फिरून फिरून येतात. मले चांगले मार्क पडले. पुस्तकातला प्रत्येक शब्द वाचत बसशील तं वेळ पुरणार नाही. धड्याखालचे स्वाध्याय अन् जुने पेपर, बास. तुझ्या मैत्रिणी बरोबर सांगून राहिल्या.

रातपाळी
८ नोव्हेंबर, रात्री ११:५२

महालकर दादा, जुन्या पेपरांबद्दल सहमत. पाठांतराबद्दल नाही. आताच्या पेपरात ‘तुमचे मत नोंदवा’ असा प्रश्न असतो, संकल्पनाचित्र पूर्ण करायचं असतं, सविस्तर उत्तराला मुद्दे प्रश्नातच दिलेले असतात आणि उत्तर त्याच मुद्द्यांवर हवं असतं. पाठ केलेल्या उत्तरात एक मुद्दा कमी-जास्त निघाला की पाठांतरवाला तिथेच अडकतो. मी सध्या स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय. बारावीचा इतिहास ज्यांनी समजून केला, त्यांना तो पुढे पुन्हा पहिल्यापासून करावा लागत नाही, हे रोज बघतोय. कन्या पुढे इतिहासच घेणार असेल तर तिने हा रस्ता मुळीच धरू नये.

तास_संपला
९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. आता निवृत्त आहे. बेटा, तुझ्या मॅडमचा शेरा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. मनापासून वाचणारी हुशार मुलं इथेच अडतात.

आई पुस्तक धरून विचारते तेव्हा तिच्या प्रश्नातच निम्मं उत्तर असतं. ‘असहकार चळवळ केव्हा?’ म्हटलं की तू वर्ष सांगतेस. रेघ मारलेली ओळ दुसऱ्यांदा वाचली की ती ओळखीची वाटते आणि ‘हे येतं’ असा समज होतो. पेपरात ती ओळ समोर नसते. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तू आत्तापर्यंत सराव फक्त पहिल्याचा केलास.

म्हणून एक करायचं. धड्यातला एक उपघटक वाचायचा, दीड-दोन पानांचा, जास्त नाही. पुस्तक मिटायचं. रफ वहीत जे आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. अडलं तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही, डोक्याला थोडं खणू द्यायचं. मग पुस्तकाशी ताडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरायचं. दुसऱ्या दिवशी नवं वाचण्याआधी कालचं पुन्हा न बघता लिहायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. त्या वेगळ्या शाईच्या ओळी याच तुझ्या उजळणीच्या नोट्स. जे येतं ते पुन्हा पुन्हा वाचण्यात मुलं सगळा डिसेंबर घालवतात.

आता ‘उत्तर नाही’ याबद्दल. एकच घटना घेऊ: १९४६ चा नौदलाचा उठाव. ‘टीप लिहा’ म्हटलं की काय, केव्हा, कुठे, कोणी, परिणाम काय हे सगळं थोडक्यात हवं. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर सुरुवात, निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक, कराची-कलकत्त्यापर्यंत पसरणं, मुंबईच्या कामगारांचा पाठिंबा, सरदार पटेलांच्या मध्यस्थीने शेवट.

प्रश्न ‘नौदलाच्या उठावामुळे ब्रिटिश सत्तेचा पाया डळमळला, सकारण स्पष्ट करा’ असा आला तर यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. जेवण निकृष्ट होतं याचा इथे थेट उपयोग नाही. ब्रिटिशांचं राज्य हिंदी सैन्याच्या निष्ठेवर उभं होतं, ती निष्ठा गेली, हा उत्तराचा कणा. मग नागरिक आणि सैनिक एकत्र आले, हिंदू-मुस्लिम खलाशी एकत्र लढले, उठाव एका बंदरापुरता राहिला नाही. प्रत्येक वाक्य ‘पाया का डळमळला’ याकडे गेलं पाहिजे. आणि ‘मत नोंदवा’ असेल तर आधी मत, मग त्याची दोन-तीन कारणं. पुस्तकातला मजकूर उतरवला तर ते मत होत नाही.

माहिती तीच, प्रश्नाचं क्रियापद बदललं की उत्तर बदललं. पेपर हातात आला की त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार. पुस्तकात मारलेल्या रेघांपेक्षा ही रेघ जास्त कामाची.

ऑरेंजसिटी_कन्या
९ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

सर, खूप खूप आभार. दुपारीच करून पाहिलं. ‘भारत आणि युरोपीय वसाहतवाद’मधलं पोर्तुगिजांबद्दलचं वाचून पुस्तक मिटलं आणि वहीत अर्धं पानही भरेना. वाचताना तर वाटत होतं की सगळं येतंय. आता कळलं कुठे पाणी मुरतंय.

सनावळ्यांचं काय करू? त्या तर पाठच कराव्या लागतील ना?

शुक्रवारी_तलाव
९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

कन्या, मी इतिहासात एम.ए. केलंय, म्हणून सनावळ्यांबद्दल मी सांगते. काही वर्षं पाठ करावी लागतात, पण फार थोडी. १४९८, १७५७, १८१८, १८५७, १८८५, १९२०, १९४७, १९६१, १९९१. या भिंतीतल्या खुंट्या समज. बाकीच्या घटना या खुंट्यांना टांगायच्या. बक्सारची लढाई १७५७ च्या प्लासीनंतर सात वर्षांनी, म्हणजे १७६४. दिवाणी हक्क, म्हणजे बंगालचा महसूल वसूल करण्याचे कंपनीचे हक्क, त्याच्या पुढच्याच वर्षी, कारण लढाई हरल्यामुळेच मुघल बादशहा शाहआलमला ते द्यावे लागले. इथे १७६५ पाठ केलं नाही, कारणाने ते आपोआप जागेवर बसलं.

तुझी शीतयुद्धाची अडचण बघ. अमेरिकेच्या बाजूचा लष्करी गट नाटो १९४९, सोव्हिएत बाजूचा वॉर्सा करार १९५५. मध्ये सहा वर्षं का गेली, हे कोणी विचारत नाही म्हणून लक्षात राहत नाही. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीला नाटोत घेतलं. दोन महायुद्धं ज्या देशाशी लढावी लागली तो आता समोरच्या लष्करी गटात, हे सोव्हिएत रशियाला चालणार नव्हतं, आणि काही दिवसांतच वॉर्सा करार झाला. एकदा हे कळलं की १९५५ विसरून दाखव.

सीटो, म्हणजे आग्नेय आशियासाठीचा अमेरिकेच्या बाजूचा लष्करी करार, १९५४ चा. त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू इथे फ्रेंचांचा पराभव झाला, आग्नेय आशिया साम्यवादाकडे जाईल अशी अमेरिकेला धास्ती वाटली, सप्टेंबरमध्ये सीटो. आता एप्रिल १९५५ ची बांडुंग परिषद बघ. दोन्ही बाजूंनी गट बांधले जात होते, त्याच वेळी नव्याने स्वतंत्र झालेले आशिया-आफ्रिकेतले देश एकत्र बसले. आणि १९६१? ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहायला लागली, सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्ततावादी देशांची पहिली शिखर परिषद. एकीकडे जग भिंतीने विभागलं जातंय, दुसरीकडे नेहरू, इजिप्तचे नासेर, युगोस्लाव्हियाचे टिटो दोन्ही गटांबाहेर राहायचं ठरवतायत. आपला गोवाही त्याच वर्षी डिसेंबरात मुक्त झाला. एका १९६१ च्या खुंटीला तीन घटना.

मी स्वतः मोठ्या कागदावर आडवी रेघ काढायचे, वर जग आणि खाली भारत. १९०५ खाली बंगालची फाळणी, १९१४ वर महायुद्ध, १९२९ वर महामंदी. वरचं आणि खालचं एकाच नजरेत दिसलं की ‘जागतिक महायुद्धे आणि भारत’सारखा धडा सोपा जातो. तो कागद भिंतीवर लाव, पण भरताना पुस्तक मिटलेलं असू दे. सरांनी सांगितलेलं तिथेही लागू आहे.

पांढरं_सोनं
१० नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर कापसाच्या व्यापारातलं. बारावीच्या पुस्तकातला पहिला अर्धा भाग मुलांना परका वाटतो, युरोप, औद्योगिक क्रांती, वसाहतवाद, म्हणून ती तो पाठ करतात. प्रत्यक्षात तो सगळा आपल्या दारात घडलाय.

हे बघ. इंग्लंडमध्ये यंत्रं आली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कच्चा कापूस हवा होता. तो मुख्यतः अमेरिकेतून यायचा. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, औरस मुलगा नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. म्हणजे वर्ष-दीड वर्षात कापसाचा सगळा पट्टा कंपनीच्या हातात. तू ‘व्यपगत सिद्धान्त, दत्तक वारस नामंजूर’ एवढंच लिहितेस, पण या मुलखात काय पिकत होतं हे लक्षात घेतलं की त्या धोरणामागचा आर्थिक हेतू दिसतो.

१८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला. वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८६५ ला ती यादवी संपली आणि भाव कोसळले. कर्ज काढून कापूस पेरलेल्यांचं काय झालं असेल, हे विदर्भातल्या मुलांना समजावून सांगायची गरज नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. ती प्रवाशांच्या सोयीसाठी आली असं लिहिलंस तर अर्धं उत्तर होईल. कच्चा माल बंदरापर्यंत आणि तिकडचा पक्का माल इथल्या बाजारापर्यंत नेणं हे तिचं मोठं काम होतं.

आणि मग १ जानेवारी १८७७. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्यावरून हे नाव. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत काढायचं, हा विचार एका भारतीयाने नागपुरात प्रत्यक्षात आणला. दादाभाई नौरोजींनी मांडलेला आर्थिक निःसारणाचा, म्हणजे भारतातली संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते हा, विचार समजून घ्यायचा असेल तर या गिरणीसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही.

बोर्डाच्या उत्तरात हे सगळं लिहू नकोस, तिथे पुस्तकातली उदाहरणं आधी. पण हा क्रम एकदा डोक्यात बसला की ‘औद्योगिक क्रांतीमुळे वसाहतवादाला गती मिळाली’ याचं उत्तर तुला पाठ करावं लागणार नाही.

ऑरेंजसिटी_कन्या
१० नोव्हेंबर, रात्री ९:०२

काका, मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचे आजोबा मिलमध्ये होते. हे कधी इतिहासाच्या पुस्तकाशी जोडून पाहिलंच नव्हतं.

महालकर
१० नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळं पटून राहिलं बाप्पा, खरंच. पण सर, एक विचारतो. तीन तासांत एवढा विचार करून लिहाले वेळ कुठून आणायचा? पाठ असलं तं हात थांबत नाही. विचार करत बसलं अन् शेवटचा प्रश्न सुटला तं?

तास_संपला
११ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

महालकर, प्रश्न योग्य आहे. लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ १८० मिनिटं. गुणाला दोन मिनिटं धरली तर १६० मिनिटं झाली, वीस हातात राहिली. त्यातली पाच-सात पेपर वाचायला आणि पर्यायी प्रश्न निवडायला द्यायची, बाकीची शेवटी तपासायला. चार गुणांच्या उत्तराला आठ मिनिटं. आठ मिनिटांत शांतपणे एक पान होतं, दोन पानं होत नाहीत. म्हणून मुलीने टिपेला पानामागून पान लिहिलं तर तिचा वेळही गेला आणि मुद्दाही हरवला.

विचार परीक्षेत करायचा नसतो, तो घरी होऊन जातो. डिसेंबरपासून रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहिली तर हाताला सवय लागते. जुन्या पेपरांचा खरा उपयोग तिथेच आहे, आणि तुम्ही ते सुचवलंत ते चांगलं केलंत. फक्त त्यांची उत्तरं गाईडातून वाचण्याऐवजी आधी स्वतः लिहायची, मग पुस्तकाशी ताडायची.

तपासताना काय दिसतं तेही सांगतो. ‘कोणतेही तीन सोडवा’ असताना मुलं पाचही लिहितात आणि पुढे सविस्तर प्रश्न अर्धवट राहतो. ‘चुकीची जोडी दुरुस्त करा’मध्ये चुकीची जोडी ओळखतात, पण दुरुस्त करून लिहीत नाहीत. सविस्तर उत्तरात दिलेल्या मुद्द्यांना उपशीर्षक करून त्याखाली लिहिलं तर तपासणाऱ्याला मुद्दा शोधावा लागत नाही. आणि नकाशाचा प्रश्न पुस्तकातल्या नकाशांवर बोट ठेवून आधी दोन-चारदा केलेला असावा.

प्रतापनगर_आई
११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सर, माझा मुलगाही याच वर्षी बारावीला आहे. तो मोबाइलवर इतिहासाचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो अभ्यास झाला. मला स्वतःला विषय येत नाही, मी विज्ञानाची. घरून काय मदत करू?

शुक्रवारी_तलाव
११ नोव्हेंबर, दुपारी २:२५

ताई, तुम्हाला विषय येत नाही हे इथे फायद्याचंच आहे. व्हिडिओ बघून झाला की मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि म्हणा, ‘मला समजावून सांग.’ तो सांगेल, १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला. तुम्ही एवढंच विचारा, ‘तेव्हाच का? कोणामुळे? विरोध कोणी केला?’ राजा राममोहन रॉय यांनी आधी किती वर्षं लेख लिहून लोकमत तयार केलं होतं, हे त्याला सांगता आलं तर व्हिडिओ कामी आला. नाही सांगता आलं तर तो स्वतःच पुस्तक उघडेल. ‘केव्हा’ विचारू नका, ‘का’ विचारा. आणि रागावू नका, या वयात आईला शिकवायला मिळालं की मुलं फार मन लावून शिकवतात.

ऑरेंजसिटी_कन्या
१३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

सर, तुमच्या पद्धतीने ‘जग : निर्वसाहतीकरण’ केला आणि पुस्तक न बघता एक उत्तर लिहिलं. घड्याळ लावलं होतं. तपासाल का?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती झपाट्याने स्वतंत्र झाल्या. सकारण स्पष्ट करा.

‘दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झाले. त्यात जर्मनी, इटली व जपान एका बाजूला आणि इंग्लंड, फ्रान्स, रशिया व अमेरिका दुसऱ्या बाजूला होते. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये म्यानमार आणि श्रीलंका स्वतंत्र झाले. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. १९६० मध्ये आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. अशा प्रकारे दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती झपाट्याने स्वतंत्र झाल्या.’

तास_संपला
१४ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

बेटा, पुस्तक न बघता एवढी वर्षं बिनचूक आली, म्हणजे आठवण्याचा भाग जमायला लागला. शाबास.

आता उत्तर पुन्हा वाच आणि त्यात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ यांपैकी एक तरी शब्द शोध. एकही नाही. वसाहती झपाट्याने स्वतंत्र झाल्या हे प्रश्नातच मान्य केलेलं आहे, तू तेच पुन्हा वर्षांसकट सिद्ध केलंस. मॅडम म्हणाल्या ते हेच.

स्वतःला चार गोष्टी विचार. युद्धाने राज्यकर्त्यांच्या तिजोरीचं काय केलं? ब्रिटन जिंकलं खरं, पण कर्जात बुडालं, १९४६ मध्ये अमेरिकेकडून मोठं कर्ज घ्यावं लागलं. राज्यकर्त्यांच्या दराऱ्याचं काय झालं? फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं, गोरे अजिंक्य आहेत ही समजूत आशियाभर मोडली. जेत्यांनी युद्धात कोणती भाषा वापरली? ऑगस्ट १९४१ च्या, अमेरिका आणि ब्रिटनने काढलेल्या अटलांटिक सनदेत प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडण्याचा हक्क मान्य केला. चर्चिल नंतर म्हणाले की हे नाझींनी जिंकलेल्या देशांपुरतं होतं, पण वसाहतींमधल्या नेत्यांनी ते वाक्य सोडलं नाही. आणि एक देश स्वतंत्र झाला की शेजाऱ्यावर काय परिणाम होतो?

शिवाय वसाहतींमधले लाखो सैनिक ‘स्वातंत्र्यासाठी’ लढून घरी परतले होते. एकट्या हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर लोक होते. त्यांच्या मनात काय चाललं असेल?

तुझी वर्षं फेकू नकोस. ती पुराव्यासाठी कारणाच्या मागे लाव. पुन्हा लिही.

ऑरेंजसिटी_कन्या
१४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

‘दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स यांसारखी वसाहतवादी राष्ट्रे आर्थिकदृष्ट्या खिळखिळी झाली. त्यामुळे दूरच्या वसाहतींवर सैन्याच्या बळावर ताबा ठेवणे त्यांना परवडेनासे झाले. जपानने १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्याने युरोपीय सत्ता अजिंक्य असल्याचा समज नाहीसा झाला आणि आशियातील राष्ट्रवादी चळवळींना बळ मिळाले. अटलांटिक सनदेने आणि पुढे संयुक्त राष्ट्रांनी स्वयंनिर्णयाचे तत्त्व मांडले, म्हणून वसाहतींच्या मागणीला नैतिक आधार मिळाला. युद्धात लढलेल्या वसाहतींतील सैनिकांनाही आपला देश पारतंत्र्यात असल्याची तीव्र जाणीव झाली. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाल्यामुळे इतर वसाहतींना प्रेरणा मिळाली. १९४८ मध्ये म्यानमार व श्रीलंका, १९५७ मध्ये घाना आणि १९६० मध्ये आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले.’

सर, यावेळी आठ मिनिटांच्या आत झालं. आणि लिहिताना मला पुढचं वाक्य काय येणार ते आधीच कळत होतं.

रातपाळी
१४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

हे वाचून फार बरं वाटलं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघा, लांबीत फार फरक नाही.

तास_संपला
१५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

उत्तम. तपासायला आलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. सविस्तर प्रश्न असेल तर एक भर घाल: अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन्ही नव्या महासत्तांना जुनी युरोपीय साम्राज्यं टिकवण्यात रस नव्हता. तिथून शीतयुद्धाच्या धड्याला वाट जाते.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही विसरू नकोस. प्रकल्पाला इंटरनेटवरून उतरवलेला विषय घेऊ नकोस, नागपूरचाच घे. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई ‘वसाहतवाद आणि मराठे’ला जोडता येते, टेकडीवरचा किल्ला २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला लोकांना बघता येतो. डिसेंबर १९२० चं काँग्रेसचं नागपूर अधिवेशन आहे, असहकाराच्या ठरावावर तिथेच शिक्कामोर्तब झालं. १९२३ चा झेंडा सत्याग्रह आहे. सिव्हिल लाइन्सचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे, तिथे एक दुपार घालव. पांढरं_सोनं यांनी लिहिलेला कापसाचा विषय घेतलास तर मला सगळ्यात आनंद होईल, आणि तुझ्या आईकडून तिच्या आजोबांबद्दल विचारून घेता येईल. मौखिक माहिती हेही इतिहासाचं साधन आहे, तिची नोंद कोणाकडून, केव्हा घेतली हे लिहून कर.

पुढचा प्रश्न देतो, ज्यांना लिहायचं त्यांनी रविवारी रात्रीपर्यंत इथेच टाका: ‘हैदराबाद संस्थानात पोलीस कारवाई करणे भारत सरकारला भाग पडले. सकारण स्पष्ट करा.’ पुस्तक मिटून, आठ मिनिटं.

प्रतापनगर_आई
१५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

मुलाला दाखवलं. तो लिहितो म्हणाला. रविवारी टाकतो.

महालकर
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

सर, माझी बारावी होऊन बरीच वर्षं झाली, पण मीही लिहितो. निजाम, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८ एवढं येते मले. कारणं काय काय ते पाहू द्या आता.